कोठे सापडला

जवाहरनगर,
८ जुलै २०२४

चि. प्रतिक्षास,
सप्रेम जयभीम.

संस्थेने यंदा नेमलेल्या इंग्रजीच्या शिक्षिकांची यादी माझ्याकडे आली. तीत ‘प्रतिक्षा गणवीर’ हे नाव आणि आईच्या रकान्यात ‘सत्यभामा’ पाहून मी चौकशी केली. तू माझ्या चुलत बहिणीचीच मुलगी निघालीस. आपली शेवटची भेट एका लग्नात झाली. तू तेव्हा चार वर्षांची होतीस आणि माझ्या चष्म्यावर बसली होतीस. त्याचा राग नाही. ओळख पटावी म्हणून लिहिले.

फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून मी या संस्थेसाठी लहान मुलांचे इंग्रजी शब्द तपासतो. तुझी टोलीवरची शाळा माझ्याकडेच आहे. नात्याचे मी संस्थेला कळवले आहे. त्यांची हरकत नाही, पण तपासणीच्या दिवशी मी तुला ओळखणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नियम असे. पहिली-दुसरीची मिळून चौदा मुले. फेब्रुवारीपर्यंत शंभर शब्द. मी शब्द उच्चारीन आणि मुलाने टेबलावरच्या कार्डांतून त्याचे चित्र दाखवायचे. प्रत्येकाला दहा शब्द, तेही चिठ्ठ्या उचलून. वर्गाचे साठ टक्के भरले तर पुढच्या वर्षी वर्ग चालू राहील. न भरले तर टोलीवरचे इंग्रजी बंद होईल आणि तुझी नेमणूकही त्याबरोबर संपेल.

कार्डांचा खोका एसटीने पाठवला आहे. शंभरही चित्रे मी स्वतः काढली आहेत. चौतीस वर्षे ड्रॉइंग ऑफिसात काढली, तेव्हा मापात चूक सापडणार नाही.

काही विचारायचे असल्यास पत्र लिही. फॅक्टरीत जाताना फोन गेटवर जमा करावा लागे. त्या सवयीने तो अजूनही दाराजवळच्या खुंटीला असतो. वाजतो, पण मी आत असतो.

तुझा मामा,
मारोतराव रामटेके


टोली (बपेऱ्यापुढे), ता. तुमसर
२१ जुलै २०२४

आदरणीय मारोतमामा,
सप्रेम जयभीम.

चष्म्याबद्दल माफी. आईला विचारले तर ती म्हणाली, “तो चष्मा अजून काढते काय तो!” पण तुमचे पत्र तिने दोनदा वाचून घेतले.

खोका पोचला. कार्डे फारच सुंदर आहेत. रेघा अशा की छापल्यासारख्या वाटतात. मुलांना खूप आवडली. शेळीचे कार्ड पाहून दुसरीतला धर्मेंद्र म्हणाला, “मॅडम, या बकरीले बान कोनं मारले?” मी सांगितले की ते बाण नव्हेत, शेळीची लांबी आणि उंची आहे. त्यावर तो म्हणाला, “मंग पोटात कोनाचा घुसला?” तो खुराच्या जाडीचा होता.

मामा, एक लहानशी विनंती होती. तुम्ही बादली वरून काढली आहे. एकात एक दोन गोल. मुलांनी तिला बांगडी म्हटले. टेबलही वरून आहे, त्यामुळे ते दार, पुस्तक आणि शेत या तिन्हींसारखे दिसते. बादली समोरून काढून मिळेल का?

वर्ग छान आहे. चौदातली तेरा मुले एकाच वेळी बोलतात. चौदावी खुशबू. दुसरीत आहे आणि शाळेत एक शब्द बोलत नाही. घरी बोलते म्हणे. मुख्याध्यापक घनश्याम सर म्हणतात, तिच्यावर वेळ घालवू नका. मी अजून घालवते आहे.

मामींना जयभीम.

आपली भाची,
प्रतिक्षा


जवाहरनगर,
२ ऑगस्ट २०२४

चि. प्रतिक्षास,
सप्रेम जयभीम.

कार्डे आवडल्याचे वाचून समाधान वाटले. तुझी मामी म्हणत होती, मुलांना कळणार नाहीत. तिला पत्र दाखवले.

बादलीविषयी. बादली समोरून काढली तर ती वरून उघडी आहे की बंद, हे कळत नाही. उघडी नसेल तर ती बादली नव्हे, पिंप आहे. मुलांना हा फरक लहानपणीच कळलेला बरा. तसेच टेबल, दार, पुस्तक आणि शेत यांची मापे कोपऱ्यात दिली आहेत. मुलांनी मापे वाचण्याची सवय करावी.

शेळीच्या बाबतीत धर्मेंद्रची शंका चांगली आहे. खुराची मापरेघ पोटावरून नेणे टाळता आले असते. पुढच्या खेपेला सुधारीन.

खुशबूच्या पत्रकात बोलण्याचा रकाना नाही. फक्त दाखवायचे आहे. त्यामुळे तिची अडचण येऊ नये.

तुझा मामा,
मारोतराव


टोली,
१७ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचे म्हणणे पटले. बादलीबद्दल पुन्हा विचारणार नाही.

कार्डे शाळेच्या लोखंडी कपाटात अगदी नीट ठेवली आहेत. त्यांना डाग नाही, घडी नाही. अभ्यास जोरात चालू आहे. मुलांना शब्द भराभर येत आहेत. शिकवण्याची माझी थोडी वेगळी तऱ्हा आहे, ती कधीतरी भेटीत सांगीन.

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या आनंदाबाई विचारत होत्या की तुमचे मामा कधी येतात, त्यांना त्यांची शेळी दाखवायची आहे. चित्रातली त्यांना अशक्त वाटली.

आपली भाची,
प्रतिक्षा


जवाहरनगर,
५ फेब्रुवारी २०२५

श्रीमती प्रतिक्षा गणवीर यांस,

विषय: तपासणीची पूर्वसूचना.

दि. १८ फेब्रुवारी, मंगळवार रोजी सकाळी साडेदहा वाजता आपल्या वर्गाची तपासणी होईल. त्या दिवशी शिक्षिकेने शाळेच्या आवारात थांबू नये. आपण बपेऱ्याला थांबावे. मूल जागेवरून उठून गेल्यास त्याची तपासणी तिथेच बंद होईल आणि उरलेल्या शब्दांना शून्य मिळेल.

मारोतराव रामटेके
तपासनीस

ता. क. हे तपासनीस म्हणून लिहिले. मामा म्हणून सांगतो, चिंता करू नकोस. सहा महिने कार्डांवर काम झाले आहे.


टोली,
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

सूचना मिळाली. मी बपेऱ्याला माझ्या मैत्रिणीच्या शाळेत बसेन. मुलांना शंभर शब्द येतात, वर पंचवीस-तीस जास्तीचे येतात. दोन दिवस कार्डांची उजळणीही घेतली.

भीती अशी नाही. पण मला हा वर्ग सोडून जायचे नाही, मामा. एवढेच.

आपली भाची,
प्रतिक्षा


जवाहरनगर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. प्रतिक्षास,
सप्रेम जयभीम.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. तुझा वर्ग उत्तीर्ण झालेला नाही. एकशे चाळीस शब्दांपैकी सहा बरोबर आले. अहवालावर सही करून तो संस्थेला पाठवला आहे. तुला अंधारात ठेवणे योग्य नव्हे म्हणून माझ्या प्रतीवरून काही नोंदी उतरवतो. पत्रकात सहाच रकाने होते. परिस्थिती पाहून मी सातवा आखला: ‘कोठे सापडला’.

धर्मेंद्र. पहिला शब्द ‘नोज’. नाक चोळत बसला, कार्डांकडे पाहिले नाही. शून्य. दुसरा ‘हेड’. डोके धरले. शून्य. बरे नसावे असे वाटले. तिसरा ‘ट्रेन’. उठून गेला. कोठे सापडला: फाट्यावर, तुमसरच्या एसटीची वाट पाहत.

पिंटू. पहिला शब्द ‘गोट’. उठून गेला. कोठे सापडला: आनंदाबाईंच्या घरी, शेळीच्या गळ्यात हात घालून.

साधना. पहिला शब्द ‘टेबल’. टेबलावर हात ठेवला. कार्ड टेबलावरच असल्याने गुण दिला. दुसरा ‘बकेट’. उठून गेली. कोठे सापडली: हँडपंपावर. बादली उचलून उभी होती. शाळा सोडून पाणी भरायला कोणी लावले, हे तिने सांगितले नाही.

भूपेंद्र. पहिला शब्द ‘डोअर’. दारापर्यंत पळाला आणि दाराला हात लावून थांबला. पळून जाण्याचा विचार बदलला असावा, पण जागा सोडली होती.

आणखी एक नदीच्या वाटेवर, एक शाळेमागच्या मोहाच्या झाडाला मिठी मारून, दोघे चुलीपाशी, दोघे शेतात. आनंदाबाईंचे यजमान बाबूलाल यांनी सायकलवर तीन खेपा केल्या. माणूस भला आहे.

खुशबू. पहिला शब्द ‘टीचर’. थोडा वेळ बसली, मग चप्पल घालून गेली. कोठे सापडली: सापडली नाही. दीड तासाने आपण होऊन आली. रडत होती.

चौदापैकी तीन मुले शेवटपर्यंत जागेवर बसली. त्यांना एकही शब्द आला नाही. पण शिस्त चांगली होती.

एक विचारणे भाग आहे. इतकी मुले शाळेतून पळतात, तेव्हा त्यांना तिथे मारहाण होते काय? मामा म्हणून विचारतो.

तुझा मामा,
मारोतराव


टोली,
२४ फेब्रुवारी २०२५

मामा,
जयभीम.

मारहाण होत नाही. 

तुमचा सातवा रकाना तुम्ही स्वतः वाचला का? फक्त आखला? शब्द ‘गोट’, सापडला शेळीजवळ. शब्द ‘बकेट’, सापडली बादली धरून. ‘नोज’ म्हटल्यावर नाक चोळणारे मूल तुम्हाला आजारी वाटले! मामा, एकही मूल पळाले नाही. सगळी उत्तर द्यायला गेली होती.

आता माझे खोटे सांगते. तुमची कार्डे मी तीन दिवस वापरली. चौथ्या दिवशी ती कपाटात ठेवली. तुम्हाला “नीट ठेवली आहेत” असे लिहिले, ते तेवढ्यापुरते खरे होते. मुलांना एकही चित्र ओळखू येत नव्हते. धर्मेंद्रला रोज त्या शेळीची दया यायची. तुम्ही इतक्या मेहनतीने काढली होती, नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मग मी त्यांना बाहेर नेले. मी शब्द म्हणायचा आणि ज्याला तो येतो त्याने जाऊन त्या वस्तूला हात लावून यायचे. नाक म्हटले की नाकाशी, दार म्हटले की दाराशी, चूल म्हटली की चुलीपाशी. ऑक्टोबरात सगळ्यांना एसटीने तुमसर रोड स्टेशनवर नेऊन उभ्या रेल्वेच्या डब्याला हात लावून आणले. आनंदाबाईंची शेळी आता ‘गोट’ म्हटले की स्वतःच पुढे येते.

शेवटच्या आठवड्यात मी कार्डे काढली, ओळखीची करून दिली. आणि आदल्या दिवशी सांगितले, “मामा शब्द म्हणतील. रोज करता तसंच करा.” मला वाटले टेबलावर कार्डे आहेत तर कार्डांना हात लावतील. त्यांनी रोज करतात तसेच केले.

इथपर्यंत मी तुमच्यावर चिडून लिहीत होते. पुढचे माझे आहे.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास खुशबू बपेऱ्याला आली. एकटी, दोन किलोमीटर, डांबरी रस्त्याने, उन्हात. मी मैत्रिणीच्या वर्गाबाहेर उभी होते. ती आली आणि तिने माझ्या हाताला हात लावला. वर पाहून हसली. मामा, ती शाळेत कधी हसलेली मी पाहिली नव्हती. आणि मी काय केले? मी तिच्यावर ओरडले. “परीक्षा सोडून पळून आलीस? जाय परत! आत्ताच्या आत्ता जाय. जागेवरून उठायचं नाही म्हनून सांगतलं नोयतं का?” असे तर मी कधी सांगितलेच नव्हते. वर्ग जाईल या भीतीने तोंडाला येईल ते बोलले. तिचा दंड धरून तिला रस्त्यावर आणून सोडले.

तिला विचारलेला शब्द ‘टीचर’ होता, हे मला काल तुमच्या पत्रातून कळले.

तुम्ही तिला शून्य लिहिलेत. मी तर तिला हाकलून दिले. त्या दिवसापासून ती शाळेत आलेली नाही.

प्रतिक्षा


जवाहरनगर,
२ मार्च २०२५

चि. प्रतिक्षास,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. नंतर माझी प्रत काढली आणि शब्दांच्या तिसऱ्या रकान्याशेजारी सातवा ठेवून वाचला. तू म्हणतेस ते बरोबर आहे. चौतीस वर्षांत इतकी उघड चूक मी सही करून पुढे पाठवली नव्हती.

फॅक्टरीत साधा नियम होता. ज्याने नकाशा काढला त्याने तो तपासायचा नाही. मी निवृत्त झालो आणि पहिल्याच संधीला तो मोडला. चित्रेही माझीच आणि तपासणीही माझीच. मग चूक दिसणार कोणाला?

काल बादलीचे कार्ड तुझ्या मामीपुढे धरले. काही न सांगता. तिने लगेच ओळखले. म्हणाली, “कुकरची रबर.” मग आतून कुकरची रबर आणून कार्डाशेजारी ठेवली. साम्य आहे. टेबलाला ती दाराचे पायपुसणे म्हणाली. शेळी तिने ओळखली, पण “हिले दवाखान्यात न्या” असे म्हणाली. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली. जुलैमध्येच तिला विचारले असते तर बरे झाले असते. तिने न विचारता सांगितलेही होते.

आज संस्थेला लिहिले. अहवाल मागे घेतला, कारण लिहिले, कार्डे नापास केली. शंभरही. फेरतपासणी मागितली आहे. ती बाहेर, वस्तूंसह होईल. शिक्षिकेला आवारात थांबू द्यावे अशीही विनंती केली, ती मंजूर होईल असे वाटत नाही.

तू खोटे लिहिलेस याचा राग आला होता. पण मी असा माणूस आहे की मला खरे लिहायला मुलीची हिंमत झाली नाही, हे मला जास्त लागले. तुला सुरुवातीलाच लिहिले होते की चष्म्याचा राग नाही. पण चोवीस वर्षे तो चष्मा मी विसरलो नाही, हेही खरे. लोक त्यावरून अंदाज बांधत असतील.

खुशबूचे काय झाले ते लवकर कळव. बाकी सर्व गोष्टी पत्रकाने दुरुस्त होतील, ही होणार नाही.

तुझा मामा,
मारोतराव


टोली,
९ मार्च २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचे पत्र वाचून रडले आणि कुकरच्या रबरीपाशी हसले. आईला दाखवले नाही. तिने सगळ्या तालुक्याला सांगितले असते.

खुशबूच्या घरी तीनदा जाऊन आले. पहिल्या वेळी तिचे वडील मंगरूभाऊ तुमसरला राइस मिलमध्ये कामाला गेले होते आणि ती आतून बाहेर आलीच नाही. दुसऱ्या वेळी मंगरूभाऊ भेटले. रागावलेले नव्हते, त्यानेच जास्त वाईट वाटले. म्हणाले, “मॅडम, पोरगी घरी तं दिवसभर इंग्लिश बोलते. कोंबडीले बोलते, खाटेले बोलते. आता दोन हप्ते झाले, इंग्लिश बोलूनच नाई राहिली. तुमीच तिले परत धाडलं म्हनते. काहून धाडलं?”

मी त्यांना खरे ते सांगितले. की शब्द ‘टीचर’ होता, टीचर मीच होते, तिने बरोबर उत्तर दिले आणि मी चुकले. ते मग म्हणाले, “हे तिले सांगा. मले सांगून का उपयोग?”

तिसऱ्या वेळी तिला सांगितले. ती खाटेच्या मागे उभी होती. मी जमिनीवर बसून म्हटले, खुशबू, तू बरोबर होतीस, मॅडम चुकली. तिने ऐकले. 

दुसऱ्या दिवशी शाळेत आली. मला वाटले झाले. पण मामा, आता ती जागेवरून उठत नाही. मी शब्द म्हणते, बाकीची धावतात, ही सतरंजीची कड दोन्ही हातांनी धरून बसते. जेवायला बोलावले तरी मी मान हलवेपर्यंत उठत नाही. घनश्याम सर खूश आहेत. म्हणतात, बघा, वळण लागलं. मला ते बघवत नाही.

संस्थेचे पत्र मिळाले. १७ आणि १८ मार्च. मी दोन्ही दिवस बपेऱ्याला थांबायचे आहे. वर्ग राहील की जाईल, त्याचे आता होईल ते होवो. पण तुम्ही तिला शब्द विचाराल आणि ती उठणार नाही. तुम्ही पुन्हा शून्य लिहाल आणि तेव्हा ते खरोखरच शून्य असेल. ते माझ्यामुळे असेल.

तुमची भाची,
प्रतिक्षा


जवाहरनगर,
२० मार्च २०२५

चि. प्रतिक्षास,
सप्रेम जयभीम.

तपासणीचा निकाल संस्थेकडून येईलच. पण दोन्ही दिवस तू बपेऱ्याला होतीस, म्हणून टोलीवर काय झाले ते क्रमाने लिहितो. गुडघ्यांना तेल लावून बसलो आहे, तेव्हा लांबल्यास समजून घे.

नियम मी एकच ठेवला. शब्द उच्चारायचा आणि मुलाच्या मागे जायचे. पहिल्या दिवशी मी शेळीकडे चार वेळा, हँडपंपावर पाच वेळा आणि मोहाच्या झाडाकडे किती वेळा गेलो ते लिहिले आहे, पण आता आठवत नाही. आनंदाबाईंची शेळी पाहिली. माझ्या चित्रातल्या शेळीहून ती बरीच गोल आहे. मापे घेऊ का विचारले, त्या नाही म्हणाल्या.

धर्मेंद्रला पुन्हा ‘ट्रेन’ आला. फाट्यापर्यंत गेलो. एसटी आली तेव्हा तो चढू लागला, त्याला धरले. म्हणाला, “आबाजी, इथून चार वाजता पोचतो ना.” उत्तर बरोबर धरले.

मागच्या वेळी जागेवर बसून राहिलेल्या तिन्ही मुलांना अजूनही फारसे येत नाही. शिस्त चांगली आहे. त्यांच्याकडे तुला पाहावे लागेल.

दुसऱ्या दिवशी अकराला शेवटची खुशबू. चिठ्ठ्यांचा डबा माझ्यापुढे होता. इथे एक गोष्ट नोंदवतो. तिची चिठ्ठी मी उचलली नाही, निवडली. शब्द ‘टीचर’. संस्थेलाही तसे कळवले आहे.

ती उठली नाही. तू लिहिले होतेस तशी सतरंजीची कड धरून बसली. मी पत्रकाचे नियम पुन्हा वाचले. उत्तर किती वेळात द्यावे, याची मर्यादा त्यात कोठेही नाही. म्हणून मीही समोर बसलो. साडेअकरा झाले. घनश्याम सर येऊन म्हणाले, ही नाही उठणार, पुढचा शब्द घ्या. मी म्हटले, अजून हा चालू आहे. साडेबारा झाले. मुले जेवायला बसली. आनंदाबाईंनी तिचे ताट आणून ठेवले, माझेही ठेवले. आम्ही दोघांनी जागेवरच जेवण केले. खिचडी चांगली होती.

एक वाजता तिने माझ्याकडे पाहिले.   मी फक्त छत्री उचलली आणि माझ्या चपला घातल्या. त्या पाहून तिने आपल्या घातल्या.

ती पुढे, मी मागे. फाट्यापर्यंत तिने चार वेळा वळून पाहिले, मी येतो आहे का, की ओरडणार आहे. मी दोन्हीतले एक करत होतो. फाट्यापुढे माझा गुडघा दुखू लागला आणि मी दगडावर बसलो. ती परत आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, “आबाजी, पाय दुखून राहिला का?”

प्रतिक्षा, मुलगी बोलते.

मी म्हटले, दुखतो थोडा. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “नी.” मग बसलो होतो तो दगड, ‘स्टोन’. मग छत्री. ती आपल्या शंभरात नाही. मग आम्ही उठलो आणि ती माझ्या शेजारून चालू लागली. रस्ता, झाड, बैल, सायकल, ढग. प्रत्येकाला जमेल तिथे हात लावून, न जमे तिथे बोट करून. ढगाला उडी मारून. पुलाशी पोचलो तेव्हा तिने मला विचारले, “तुमाले येते का इंग्लिश?” मी म्हटले, थोडी. ती म्हणाली, “मंग म्हना.” तिथून पुढे ती हात लावी आणि शब्द मला म्हणावा लागे. दोन मी चुकलो. तिने मला पुन्हा परत नेऊन हात लावायला लावला.

बपेऱ्याला तू शाळेच्या फाटकाशी उभी होतीस. पुढचे तू पाहिले आहेस. मी रस्त्याच्या अलीकडेच थांबलो, म्हणून मला एवढेच दिसले की ती धावली, तुझ्या हाताला हात लावला आणि या वेळी तू खाली बसलीस. दोघी किती वेळ बसला होतात ते नोंदवलेले नाही. घड्याळ माझ्याकडे होते, पण चष्मा पुसत होतो.

निकाल. इतर तेरा मुलांना दहा-दहा शब्द विचारले, त्यांतले एकोणऐंशी बरोबर. खुशबूला एकच विचारता आला, कारण शाळा सुटायची वेळ झाली. तो बरोबर. एकशे एकतीसपैकी ऐंशी. एकसष्ट टक्के. वर्ग राहतो. तूही राहतेस.

संस्थेतून काल माणूस येऊन गेला. फोन खुंटीवर होता म्हणून प्रत्यक्ष आला. म्हणाला, खुशबू जागेवरून उठून गेली, तिच्या उरलेल्या नऊ शब्दांना शून्य धरायला हवे, म्हणजे वर्ग सत्तावन्नवर येतो. मी त्याला पत्रक दाखवले. जागेवरून उठून गेल्यास तपासणी बंद, हा नियम होता आणि तो मीच केला होता. मागच्या वेळी मी तो पाळला आणि न विचारलेल्या शब्दांना शून्य दिले. ती माझी चूक होती. या वेळी मूल उठून गेले ते उत्तराकडे गेले. जे विचारलेच नाही त्याला शून्य देणारा नियम त्याने मला दाखवावा, मी सही करतो. त्याला सापडला नाही. चहा घेऊन गेला.

त्याने जाताना विचारले, वाटेत ती पोरगी आणखी काही बोलली का, ते तरी धरता येईल. मी सांगितले, बोलली. तेवीस शब्द. मी मोजले आहेत. पण पत्रकात भरले नाहीत, कारण त्यातला एकही मी विचारलेला नव्हता.

तुझा मामा,
मारोतराव